मरत नाहीत, झोपतात

अक्का पाणी गाळून प्यायची. त्यात नवल नाही, आमच्यात बरेच जण पितात. पण गाळून झालं की ती फडकं उलटं करायची, त्यावर पाण्याची धार धरायची आणि ते पाणी जिथून आणलं तिथेच परत सोडायची. फडक्यात अडकलेले जीव आपापल्या घरी जायला हवेत ना! विहीर बुजली, नळ आला, तरी तिची ती धार काही सुटली नाही. अशा बाईच्या पोटी मी जन्मले आणि जंतू मारायचा धंदा पत्करला. लोक ऐकून हसतात. हसू देत. पूर्वी मीही हसायची.

अक्का म्हणजे माझी आई, अनंतमती मगदूम. अख्खा गाव तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही. मी पद्मजा. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सूक्ष्मजीवांची प्रयोगशाळा सांभाळते. लग्न केलं नाही, घरी भांडायला कुणी नाही, म्हणून माझं सगळं भांडण हॉस्पिटलात होतं. क्लोरीनचं पाणी पुरेसं कडक केलं नाही, रसायन लावल्यावर भिंत थोडा वेळ ओली राहू न देता लगेच कोरडी केली, हातमोज्यांनीच मोबाइल धरला, असल्या एकेका गोष्टीवरून मी माणसं रडवली आहेत. माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

पण मी उगाच तापत नव्हते. औषधं संपली असं आपण म्हणतो, खरं तर औषधं काही संपली नव्हती. दुकानात गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती. जंतूच त्यांना भीक घालेनासे झाले होते. साधं गळू फोडायचं तर घरच्यांना बोलावून समजावून सांगायचं, अशी वेळ आली. जंतू एकदा रक्तात शिरला की आमच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. मग एकच वाट राहिली, त्याला शिरूच द्यायचं नाही. त्यासाठी हातात हत्यारं दोन. एक पुसायचं रसायन, दुसरा वरून किरण टाकणारा दिवा.

दिवा अतिनील किरणांचा. जुने अतिनील दिवे माणसाची कातडी आणि डोळे भाजून काढत, म्हणून ते रिकाम्या खोलीतच लावायचे. या नव्या दिव्याच्या किरणांची लहर इतकी आखूड, की आपल्या कातडीवर जो मेलेला पापुद्रा असतो त्यातच ते अडकतात, आत पोचत नाहीत. जंतूला कुठला आलाय असला पापुद्रा! किरण थेट त्याच्या जनुकांच्या शिडीवर आदळतात आणि शेजारशेजारच्या पायऱ्या एकमेकींना चिकटवून टाकतात. चिकटलेल्या शिडीची नक्कल काढता येत नाही. नक्कल नाही म्हणजे पिल्लावळ नाही, आणि पिल्लावळ नाही म्हणजे आजार नाही. 'कवच' या नावानं ते दिवे शाळांत लागले, एसटीत लागले, मंगल कार्यालयांत लागले. आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, मात्र पंचांनी ते लावू दिले नाहीत. भगवंतासमोर जीवहत्या नको, म्हणाले. अक्का पंचांच्या बाजूची. त्यावरून आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणजे मी भांडले आणि ती ऐकत राहिली.

आणि मग अक्काचंच रक्त आटलं. हाडांच्या पोकळीतली मज्जा रोज नवं रक्त तयार करते, तिनं काम थांबवलं. चार पावलं चालताना धाप लागायला लागली, अंगावर जांभळे डाग उठले. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात जवळजवळ नव्हत्याच. उपाय एकच होता, उरलीसुरली मज्जा औषधानं जाळायची आणि दुसऱ्याची मज्जा आत सोडायची. ती रुजून नव्या पांढऱ्या पेशी येईपर्यंत रोग्याला एकाही जंतूचा धक्का लागता कामा नये. मज्जा मी दिली.

"म्हणजे आता तुझं रक्त माझ्या अंगात खेळणार?" अक्कानं विचारलं.

"हो. रक्तगटसुद्धा माझाच होईल तुझा."

"अगंबाई! मग मला तुझ्यासारखा राग यायला लागला तर?"

डॉक्टर मुजावर पोट धरून हसला. इरफान मुजावर माझा कॉलेजातला वर्गमित्र, रक्ताच्या आजारांचा डॉक्टर, आणि स्वभावानं माझ्या बरोबर उलटा. मी तोंडावर बोलते. त्याच्या तोंडून माणसाला दुखावणारं वाक्यच फुटत नाही. वाईटात वाईट बातमी सांगायची असली तरी तो आधी 'जेवलात का' विचारतो.

अक्काची खोली जुन्या इमारतीतली होती, म्हणून तिला खिडकी होती. छतभर कवच-दिवे. पण कातडीनं किती किरण सोसायचे याला मर्यादा असते, म्हणून दिवे काही वेळ चालत आणि काही वेळ विसावा घेत. विसाव्यात खोलीत फक्त मंद नारिंगी उजेड. तो का, ते सांगायला हवं. जंतू आपल्याला वाटतो तितका गाफील नसतो. त्याच्याकडे दुरुस्ती करणारं एक प्रथिन असतं. ते चिकटलेल्या पायऱ्या पुन्हा सुट्या करतं, पण त्या कामाला त्याला निळा उजेड लागतो, आणि साध्या उन्हात तो भरपूर असतो. अतिनील किरणांनी आडवे पाडलेले जंतू लगेच उन्हात ठेवले, तर त्यांतले काही उठून बसतात आणि पुन्हा वाढायला लागतात. नारिंगी उजेडात निळा नसतो, म्हणून नारिंगी. खिडकीला जाड पट्ट्यांचा पडदा होता, तो कायमचा मिटलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही हा माझा नियम, आणि हात लावायचा नाही म्हणून तो रोज पुसायचाही नाही. बाकी भिंती, पलंग, फरशी, नळ, सगळं सिस्टर एस्तेर दिवसातून कितीदा तरी रसायनानं पुसत. मी काचेबाहेरून फोनवर अक्काशी बोलायची.

पहिल्याच दिवशी तिनं ते विचारलं. इरफान आत होता, अंगभर पांढरा वेश चढवून, आणि मी काचेबाहेर फोन कानाला लावून.

"पद्मा, ह्या दिव्यानं जीव मरत असतील नव्हं गं?"

मी तोंड उघडलं होतं. 'हो अक्का, कोट्यवधी मरतात, त्यासाठीच लावलाय,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात इरफान आतून बोलला.

"नाही हो अक्का. मरत नाहीत, झोपतात. त्यांची वाढ तेवढी थांबते."

"खरं?"

"तुमच्या लेकीलाच विचारा. ती शिकवते हे मुलांना."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिचा चेहरा उजळला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा इतका उजळला.

"आणि मग उठतात कधी?"

"साधा उजेड मिळाला की उठतात हळूहळू," इरफान म्हणाला. "आपल्यासारखंच."

बाहेर व्हरांड्यात मी त्याला धरला.

"खोटं कशाला बोललास?"

"खोटं काय आहे त्यात? नक्कल थांबते, पेशी लगेच फुटत नाही. तुझंच व्याख्यान आहे."

"ज्याची पिल्लावळ उगवत नाही तो मेला, हेही माझंच व्याख्यान आहे."

"पद्मा, त्यांना आत्ता खरं सांगितलंस तर त्या संध्याकाळी पिशवी भरून घरी निघतील. मग दे व्याख्यान, कुणाला द्यायचं त्याला."

त्याचं बरोबर होतं. अक्का निघालीच असती. पुसण्याच्या रसायनाबद्दल तिनं कधी विचारलं नाही. घरीसुद्धा फरशी पुसावीच लागते, चूल पेटवावीच लागते. त्यात जे जीव जातात त्यांची ती रोज संध्याकाळी हात जोडून क्षमा मागायची. पण आपला जीव वाचावा म्हणून मुद्दाम दिवा लावून त्याच्याखाली निजायचं, हे तिला पेललं नसतं.

क्षमेचं तिचं फार होतं. अनंत चतुर्दशी झाली की आमच्यात क्षमावाणी असते. त्या दिवशी भेटेल त्याची क्षमा मागायची, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल म्हणून. समोरच्यानंही उलट मागायची असते. अक्का दरवर्षी मला फोन करायची, "पद्मा, क्षमा कर गं," आणि मी हातातली जंतू वाढवायची प्लेट खाली न ठेवता "बरं बरं" म्हणून फोन ठेवायची. मी कुणाची क्षमाबिमा मागत नसते, हे तिला माहीत होतं. तरी पुढच्या वर्षी फोन यायचाच.

दिवस जात होते. अक्का खोलीत रमली. सूर्य मावळायच्या आत जेवायची, सिस्टर एस्तेरना त्यांच्या मुलींबद्दल विचारायची, बस्तीतली पदं गुणगुणायची. मी काचेबाहेर उभी राहून तिच्या रक्ताचे आकडे बघायची. आणि एके सकाळी त्यात पांढऱ्या पेशी दिसल्या. अगदी थोड्या, पण होत्या, आणि त्या माझ्या होत्या. मी व्हरांड्यात सिस्टर एस्तेरना मिठी मारली. त्या इतक्या घाबरल्या की हातातली बादलीच सांडली.

त्याच आठवड्यात प्लेटवर गुलाबी ठिपके उगवले.

खोली स्वच्छ आहे की नाही हे कळायला आम्ही खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटा उघड्या ठेवतो आणि मग त्या उबेत ठेवून काय उगवतं ते बघतो. अक्काच्या खोलीतल्या प्लेटांवर काही म्हणजे काही उगवत नसे. आता खिडकीजवळच्या प्लेटवर गुलाबी ठिपके होते, चकचकीत, बुळबुळीत. मी ते प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली धरले. नेहमीच्या मात्रेत इतर जंतू आडवे होतात, हे मजेत वाढत राहिले. अंगाभोवती चिकट थर, आत रंगद्रव्य, आणि मार खाऊन पुन्हा उभं राहायची दांडगी सवय. अशी सवय एका दिवसात लागत नाही. कुणीतरी त्यांना रोज थोडं मारून रोज पुन्हा उभं केलं असलं पाहिजे.

मी सिस्टर एस्तेरवर तुटून पडले.

"रसायनात पाणी घालता का तुम्ही?"

"नाही मॅडम, देवाशपथ."

"मग हे काय माझ्या डोक्यातून उगवलं?"

बाई रडत गेल्या. मी रसायन तपासलं, ते चोख निघालं. छतावरच्या दिव्यांची ताकद मोजली, तीही जागच्या जागी. मग मी स्वतः अंगभर वेश चढवला आणि दुपारी, दिवे विसावलेले असताना, न सांगता खोलीत शिरले.

खोलीत ऊन होतं. खरंखुरं, पिवळंधमक ऊन. अक्कानं पडद्याच्या पट्ट्या दोन्ही हातांनी फाकवल्या होत्या आणि ती खिडकीशी उभी होती, उन्हात डोळे मिटून. मला बघून ती हसली. लपवाछपवीचा लवलेशही नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"अक्का! काय करतेयस तू?"

"उठवतीये त्यास्नी," ती म्हणाली. "इरफान म्हणाला नव्हता का, उजेड मिळाला की उठतात म्हणून? सिस्टर जेवायला गेल्या की रोज थोडा वेळ उघडते. आपल्यासाठी झोपवायचं ते झोपवा बापडे, पण मग उठवायला नको? कायमचं झोपवून ठेवायचं म्हणजे मारल्यासारखंच की ते."

मी तिचे हात पट्ट्यांवरून ओढून काढले. पडदा मिटला. तिच्या बोटांकडे बघितलं तर नखांशी मज्जा जाळणाऱ्या औषधानं सोललेली, लालबुंद, उघडी कातडी. त्याच बोटांनी ती रोज त्या न पुसलेल्या पट्ट्या धरत होती. माझ्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडले.

"ते मरतात, अक्का! झोपत नाहीत, मरतात! मरायलाच हवेत ते! नाहीतर तू मरशील, कळतंय का तुला?"

ती पलंगावर बसली.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे मरावेत अशीच सोय केलीय."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"मला नाही ठाऊक असणार तर कुणाला?"

"मग त्या दिवशी गप का बसलीस?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस इथे?"

"नाही."

"म्हणून."

अक्काचा चेहरा बदलला. उभ्या आयुष्यात मी तिला कधी चिडलेली बघितली नव्हती. तिनं उशी उचलली आणि फरशीवर आपटली. उशी ती काय, आवाजही झाला नाही. पण मी मागे सरले.

"बंद कर तो दिवा," ती म्हणाली. "माझ्या नावावर तू कोट्यवधी जीव मारायलीस, आणि मी इथं पदं म्हणत बसलीये. बंद कर!" मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. हात बघत हळूच म्हणाली, "बघ. आला नव्हं तुझा राग."

आरडाओरडा ऐकून इरफान आला. त्यानं हात जोडले. आपणच खोटं बोललो, पद्माचा दोष नाही, असं सगळं तो सांगत राहिला. अक्का त्याच्यावर चिडली नाही.

"तू माझ्यासाठी बोललास लेकरा. पण दिवा बंद कर."

"अक्का, दिवा बंद केला तर तुम्ही जाल."

"जाईन. सगळेच जातात."

"आणि मी?" मी म्हणाले. "मी कुणाशी भांडू? मला आहे कोण दुसरं?"

अक्कानं भिंतीकडे तोंड केलं. दुपारभर तशीच पडून राहिली. इरफाननं मला बाहेर नेलं. तिनं नको म्हटलं तर तिच्यावर जबरदस्ती करायचा आपल्याला हक्क नाही, एवढंच तो बोलला. मी त्याला वाटेल ते बोलले. दिवे तिला न विचारता चालू ठेव म्हणाले, झोपेचं औषध दे म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडून सरळ नाही ऐकलं.

सूर्य मावळायला आला तेव्हा अक्का उठून बसली. सिस्टर एस्तेरना म्हणाली, "जेवायला आणा माझं, दिवस बुडेल." जेवली. मग फोन उचलून काचेतून माझ्याकडे बघितलं.

"राहू दे दिवा," ती म्हणाली. "तुझं रक्त रुजेपर्यंत राहते. पण ह्याचं पाप माझं, तुझं नव्हं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी जिंकले होते. लहान मुलासारखी मी आनंदले, हे सांगायला लाज वाटते पण आनंदले. पडदा काढून टाकला, खिडकीवर पत्रा ठोकला, खोली वरपासून खालपर्यंत रसायनानं पुसून घेतली, दिव्यांची मात्रा कातडी सोसेल त्या टोकापर्यंत नेली. प्लेटा पुन्हा कोऱ्या आल्या. पांढऱ्या पेशी वाढत होत्या. सिस्टर एस्तेरना मी चहा पाजला, त्यांनी तो घाबरत घाबरत घेतला. अक्का आता पदं म्हणत नव्हती. दिवे लागले की हात जोडून डोळे मिटून बसायची, विझेपर्यंत. काय करतेस म्हणून मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. ज्यांचा जीव चालला होता त्यांच्यापाशी ती बसत होती.

मग तिला ताप भरला.

मी रक्त स्वतः घेतलं, स्वतः प्लेटवर पसरलं, स्वतः उबेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं. गुलाबी ठिपके. खोली मी स्वच्छ केली होती, पण ते केव्हाच तिच्या नखांतून आत गेले होते. दिव्याचे किरण कातडीच्या आत जात नाहीत. म्हणून तर ते माणसाला सुरक्षित असतात.

आमच्याकडची होती नव्हती ती सगळी औषधं मी त्या गुलाबी ठिपक्यांवर ठेवून बघितली. एकाचाही परिणाम नाही. इरफान प्लेटा बघून गेला. त्या दिवशी त्यानं मला आधी 'जेवलीस का' विचारलं, आणि मला काय ते कळलं.

क्षमावाणी त्याच दिवसांत आली. अक्काला उठून बसवत नव्हतं. सिस्टर एस्तेरनी फोन तिच्या कानाशी धरला. खोलीत दिवे चालू होते. काचेतून तिचा चेहरा वाळलेला, पण शांत दिसत होता.

"पद्मा."

"बोलू नकोस अक्का. दम लागतोय तुला."

"आज बोलायचा दिवस आहे गं." ती थांबली, श्वास घेतला. "तुझं रक्त घेतलं आणि वाया घालवलं मी. रुजत आलं होतं नव्हं? क्षमा कर गं मला."

मला सगळं कळत होतं. समोरच्यानं उलट क्षमा मागायची असते, हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी ती मागितली असती तर त्याचा अर्थ आता पुढच्या वर्षी फोन येणार नाही, असा झाला असता. मला तो तसा होऊ द्यायचा नव्हता. माझ्या नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या घाईनं मी म्हणाले, "बरं बरं. पड आता."

ती हसली. तिला तेच अपेक्षित असावं. सिस्टर एस्तेरनी फोन खाली ठेवला.

सकाळी अक्का गेली.

त्यानंतर जे करायचं ते ठरलेलं असतं आणि ते मीच करते. रिकामी खोली जास्तीत जास्त मात्रेवर अतिनील किरणांखाली ठेवायची, मग अंधारात ठेवायची, मग रसायनानं पुसायची. भाजलेली एक तरुण मुलगी त्या खोलीसाठी थांबली होती. तिची आई व्हरांड्यात बसून माझ्याकडे बघत होती. मी खोली अशी स्वच्छ केली की तशी आजवर केली नसेल. खिडकीवरचा पत्रा हातानं दाबून बघितला. उन्हाची एक तिरीपही आत येत नव्हती.

मग प्रयोगशाळेत आले. टेबलावर अक्काच्या रक्तातून उगवलेल्या प्लेटा होत्या. माझी मज्जा तिच्याबरोबर गेली. तिच्या अंगातलं अजून जिवंत असलेलं जगात एवढंच उरलं होतं, हे गुलाबी ठिपके. तिच्या रक्तावर वाढलेले, तिनं रोज दुपारी आपल्या हातांनी उठवलेले. यांचा राग यायला हवा होता मला. मी वाट बघितली, आला नाही.

इरफान दारात उभा होता. आज जेवणाचं न विचारता त्यानं वेगळंच विचारलं.

"सगळ्या जाळणार ना?"

"एक ठेवणार. नवा जंतू सापडला की त्याचा नमुना ठेवायचाच असतो. उद्या कुणाला औषध शोधायचं असलं तर लागेल."

"मी थांबू?"

"नको. जा तू."

बाकीच्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. तो म्हणजे वाफेचा मोठा कुकरच, त्यातून काही जिवंत सुटत नाही. उरलेल्या एका प्लेटवरचा गुलाबी ठिपका तारेच्या टोकानं उचलला, ग्लिसरीन घातलेल्या छोट्या नळीत सोडला, बूच लावलं. असे नमुने आम्ही डीप फ्रीजरमध्ये ठेवतो. तिथल्या थंडीत जंतू वाढत नाहीत आणि मरतही नाहीत. वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. ऊब मिळाली की उठतात. तिथे ते खरोखरच झोपतात, इरफाननं अक्काला सांगितलं होतं अगदी तसे.

नळी फ्रीजरमध्ये ठेवताना मी हे मोठ्यानं बोलून गेले. "झोपलेत गं अक्का. हे खरंच झोपलेत." प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. फ्रीजरची वाफ तोंडावर येत होती. झाकण धरून मी थोडी थांबले आणि मग म्हणाले, "क्षमा कर गं."

पलीकडून कुणी 'बरं बरं' म्हणालं नाही. मी झाकण लावलं, ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली, आणि मी त्या भाजलेल्या मुलीच्या खोलीतल्या प्लेटा आणायला गेले.